चौकट आणि मोकळीक: ब्लूज, रॉक आणि अर्ली म्युझिकच्या मैफिलींविषयी

ब्लूज, रॉक आणि अर्ली म्युझिक ही पाश्चात्त्य संगीताची तीन दालने आहेत. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीय शेतमजुरांच्या वस्त्यांत एकोणिसावे शतक सरता सरता ब्लूज आकाराला आला. रॉक त्याच्याच पोटी जन्मला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विजेच्या गिटारबरोबर वाढला. अर्ली म्युझिक या नावाखाली युरोपच्या मध्ययुगापासून बरोक काळापर्यंतचे, ढोबळमानाने 1750 पूर्वीचे संगीत येते. ते त्या काळच्या वाद्यांवर आणि त्या काळच्या रीतीने वाजवण्याची चळवळ मात्र विसाव्या शतकातली आहे. तिन्हींचे श्रोते वेगळे, वाद्ये वेगळी आणि सभागृहेही वेगळी.

तरीही प्रस्तुत ग्रंथात या तिन्हींची ओळख एकत्र करून देण्यामागे भक्कम कारण आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सिम्फनीत जवळजवळ प्रत्येक स्वर, त्याचा जोर आणि त्याची गती संगीतकाराने लिहून ठेवलेली असते. ब्लूजमध्ये, रॉकच्या मोठ्या भागात आणि बरोकपर्यंतच्या युरोपीय संगीतात ठरलेली असते ती फक्त चौकट. तिच्यात काय भरायचे हे वाजवणारा त्या त्या वेळी ठरवतो. त्यामुळे कागदावर किंवा ध्वनिमुद्रिकेत जे उरते ते अपुरे राहते आणि रचना पुरी होते ती मैफिलीत. बंदिश आणि ठेक्याचे आवर्तन यांच्या आधाराने रोज नवा ख्याल उभा राहताना पाहिलेल्या मराठी श्रोत्याला ही कल्पना परकी वाटू नये.

ब्लूजचे मूळ मिसिसिपी राज्यातील डेल्टा या सपाट, सुपीक पट्ट्यात शोधले जाते. 1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण कापसाच्या मळ्यांवर वाट्याने शेती करणारी कृष्णवर्णीय कुटुंबे कर्जाच्या फेऱ्यात अडकलेलीच राहिली. शेतातल्या हाका, रेल्वेमार्ग टाकताना म्हटली जाणारी श्रमगीते, चर्चमधले सामूहिक गायन आणि शनिवारच्या रात्रीचे नाच यांतून हे गाणे घडले. डॉकरी मळ्यावर राहिलेल्या चार्ली पॅटनसारख्या गायकांनी त्याला रूप दिले. डब्ल्यू. सी. हँडी या वादकसंगीतकाराने ‘मेम्फिस ब्लूज’ 1912 मध्ये छापून आणला. 1920 मध्ये मेमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’ची ध्वनिमुद्रिका इतकी खपली की कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वतंत्र सूची काढल्या. ब्लूजचा पहिला सार्वजनिक चेहरा अशा रीतीने स्त्रियांचा होता. मा रेनी आणि बेसी स्मिथ तंबूंत आणि नाट्यगृहांत वाद्यवृंदासह गात. एकटा गिटारवाला गायक ध्वनिमुद्रिकांवर त्यांच्यानंतर आला.

ब्लूजची सर्वांत परिचित चौकट ‘ट्वेल्व्ह-बार’ म्हणून ओळखली जाते. प्रत्येकी चार मात्रांचे बारा खंड, म्हणजे 48 मात्रांचे हे आवर्तन. षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभ्या असलेल्या तीन कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरसमूह, त्यात ठरावीक क्रमाने येतात. गाण्याची पहिली ओळ दुसऱ्यांदा म्हटली जाते आणि तिसरी ओळ त्यांना उत्तर देते. प्रत्येक ओळ आवर्तनातली जागा पुरी भरत नाही. उरलेल्या जागेत गिटार किंवा माउथ ऑर्गन गायकाला प्रतिसाद देतो. सुरांचा रंग ठरतो तो कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेतून. तार बोटाने ताणून किंवा बोटात बाटलीची मान घालून ती तारेवरून घसरवत वादक ही जागा गाठतो. पियानोवर ती मिळत नाही आणि स्वरलिपीत नीट उतरत नाही. एकट्याने गाणारे डेल्टाचे गायक खंड मोजून चालत नसत. ओळ लांबली की मात्रा वाढत. जॉन ली हूकर तर पुढेही तसाच गात राहिला. चारपाच जणांनी मिळून वाजवायचे तर सगळ्यांना ठाऊक असलेले माप लागते, म्हणून बारा खंडांचा नियम मुख्यतः वाद्यवृंदांत पक्का झाला.

ब्लूजची घराणी बहुतांशी भूगोलावर बेतलेली आहेत. डेल्टाचा सूर खरखरीत आणि ताल जोरकस. टेक्सासमध्ये ब्लाइंड लेमन जेफरसनने गिटारच्या एकेरी सुरावटींवर भर दिला. पूर्व किनाऱ्यालगतच्या पीडमाँट शैलीत ब्लाइंड ब्लेकची बोटे रॅगटाइम पियानोसारखी चालतात. उत्तर मिसिसिपीच्या टेकड्यांत आर. एल. बर्नसाइड आणि ज्युनियर किम्ब्रो एकाच कॉर्डवर नाच चालू ठेवत. साठेक वर्षांच्या काळात लाखो कृष्णवर्णीय माणसे कामासाठी दक्षिणेतून उत्तरेच्या शहरांत गेली आणि त्यांच्याबरोबर ब्लूजही गेला. मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोला पोचला. गजबजलेल्या मद्यालयात साधी गिटार ऐकू जाईना म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. लिटल वॉल्टरने माउथ ऑर्गन आणि मायक्रोफोन एकाच ओंजळीत धरला आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून सॅक्सोफोनच्या तोडीचा आवाज काढला. आवाज मोठा करण्याच्या गरजेतून नवा नाद हाती लागला. पुढचा रॉक याच शोधावर उभा आहे.

1960 च्या दशकात अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुण सोल संगीताकडे वळत असताना युरोपात ब्लूजला नवा श्रोता मिळाला. 1962 पासून ‘अमेरिकन फोक ब्लूज फेस्टिव्हल’च्या दौऱ्यांनी मडी वॉटर्ससारख्या कलाकारांना युरोपच्या सभागृहांत नेले. लंडनमध्ये जॉन मेयॉलच्या वाद्यवृंदातून एरिक क्लॅप्टन घडला. रोलिंग स्टोन्सने आपले नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतले. या प्रसारात हक्काचा प्रश्नही दडलेला होता. ब्लूजमध्ये ओळी आणि चाली हातोहात फिरत. कॉपीराइटचा कायदा मात्र एकच मालक शोधतो. लेड झेपेलिन या रॉक वाद्यवृंदाच्या एका गाजलेल्या गाण्यावर विली डिक्सन या ब्लूज गीतकाराने दावा लावला आणि 1987 मध्ये तो तडजोडीने मिटला. आज ब्लूजचे सर्वांत मोठे विनामूल्य व्यासपीठ म्हणजे 1984 पासून भरणारा शिकागो ब्लूज फेस्टिव्हल. मिसिसिपीतील क्लार्क्सडेल गावी मात्र जुन्या ‘ज्यूक जॉइंट’ प्रकारच्या छोट्या जागांत हे गाणे अजून हाताच्या अंतरावरून ऐकता येते.

रॉकचा इतिहास सहसा गाण्यांच्या आणि अल्बमच्या क्रमाने सांगितला जातो. मैफिलीच्या बाजूने पाहिले तर तो बऱ्याच अंशी आवाजाच्या तंत्राचा इतिहास ठरतो. बीटल्सनी 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 55 हजारांहून अधिक लोकांपुढे गायले, तेव्हा एवढ्या जमावाला पुरेल अशी ध्वनियंत्रणाच नव्हती. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत वादकांना स्वतःचे वाजवणे ऐकू येत नव्हते. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी मैफिलींचे दौरे बंद केले आणि स्टुडिओ हेच आपले वाद्य मानले. इतरांनी यंत्रणा सुधारण्याचा मार्ग धरला. लंडनमधील वाद्यांचे दुकानदार जिम मार्शल यांनी 1962 पासून बनवलेले अ‍ॅम्प्लिफायर तरुण गिटारवादकांना हवा तो दणदणाट देऊ लागले. वादकाला स्वतःचा आवाज ऐकवणारे मॉनिटर स्पीकर रंगमंचावर रुळले. ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाने 1974 मध्ये सहाशेहून अधिक स्पीकरांची भिंत वादकांच्या पाठीशी उभी केली, म्हणजे श्रोते जे ऐकत तेच वादकही ऐकत. दौऱ्यावर फिरवायला ती फार खर्चिक ठरली. पण लांबवरच्या माणसालाही स्वच्छ ऐकू गेले पाहिजे ही अपेक्षा तेव्हापासून कायम झाली.

रॉकच्या मैफिलीत तीन प्रवृत्ती स्पष्ट दिसतात. पहिली उत्स्फूर्त विस्ताराची. ग्रेटफुल डेड रोज वेगळी गाणी वेगळ्या क्रमाने वाजवी आणि ऑलमन ब्रदर्सचा 1971 चा ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ हा मैफिलीचा अल्बम याच वळणाचा आहे. लेड झेपेलिनचे स्टुडिओत साडेसहा मिनिटांत संपणारे ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ रंगमंचावर पंचवीस मिनिटांच्याही पुढे जाई. दुसरी प्रवृत्ती नाट्याची. पिंक फ्लॉइडने 1980 आणि 1981 मध्ये ‘द वॉल’ फक्त चार शहरांत सादर केले, कारण प्रयोग चालू असताना रंगमंचावर प्रचंड भिंत बांधायची आणि शेवटी पाडायची होती. तिथे प्रत्येक क्षण आधी ठरलेला असे. तिसरी प्रवृत्ती पंकची. 1973 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या सीबीजीबी या क्लबमध्ये रामोन्ससारख्या वाद्यवृंदांनी दोनअडीच मिनिटांची गाणी एकापाठोपाठ एक वाजवली आणि विस्तार व नाट्य दोन्हींकडे पाठ फिरवली. त्यांची मोकळीक सुरांत नव्हती. श्रोता आणि वादक यांच्यामधले अंतर पुसण्यात होती. हेवी मेटलपासून इंडी रॉकपर्यंतच्या आजच्या मैफिली याच तीन प्रवृत्तींच्या कमीअधिक मिश्रणातून घडतात. मॉन्टरे (1967), वुडस्टॉक (1969) आणि ग्लॅस्टनबरी (1970 पासून) यांनी रॉकला आणखी एक रूप दिले: मोकळ्या मैदानावरचा अनेक दिवसांचा महोत्सव. यांपैकी पहिल्या दोन्ही ठिकाणी पंडित रविशंकर यांची सतार वाजली होती.

अर्ली म्युझिकची कथा उलट्या दिशेने चालते. इथे संगीत लिहिलेले शिल्लक होते, पण ते वाजवण्याची परंपरा तुटली होती. मेंडेल्सनने 1829 मध्ये बर्लिनला बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ पुन्हा रंगमंचावर आणले ते काटछाट करून, मोठ्या गायकवृंदासह, आपल्या काळाच्या रीतीने. जुने संगीत जुन्या वाद्यांवर ऐकण्याची कल्पना रुजवली ती आर्नोल्ड डॉल्मेच यांनी. ल्यूट, व्हायोल, हार्प्सिकॉर्ड आणि रेकॉर्डर ही वाद्ये त्यांनी स्वतः बनवली आणि 1925 मध्ये इंग्लंडमधील हेझलमियर गावी महोत्सव सुरू केला. वांडा लँडोव्हस्का यांनी हार्प्सिकॉर्ड मोठ्या सभागृहांत नेला, पण त्यांचे वाद्य लोखंडी चौकटीचे, आधुनिक घडणीचे होते. 1933 मध्ये बाझल येथे स्कोला कँटोरम ही अभ्याससंस्था निघाली. व्हिएन्नात निकोलाउस हार्नोनकोर्ट आणि अ‍ॅमस्टरडॅममध्ये गुस्ताव्ह लेओनहार्ट यांनी जुनी वाद्ये, जुने ग्रंथ आणि वादन यांची सांगड घातली. बाखच्या धार्मिक कँटाटांच्या त्यांच्या ध्वनिमुद्रणाला 1971 पासून जवळजवळ वीस वर्षे लागली.

पुढे या चळवळीच्याही शाखा झाल्या. लंडनमध्ये डेव्हिड मनरो यांनी मध्ययुगीन नृत्यसंगीताला लोकवाद्यांचा उत्साह दिला. तेहतिसाव्या वर्षी 1976 मध्ये ते गेले, पण त्यांच्या मैफिलींनी आणि रेडिओ कार्यक्रमांनी एक पिढी तयार झाली. टॅलिस स्कॉलर्सनी प्रबोधनकाळाचे चर्चगायन मोजक्या आवाजांत, पारदर्शक पोताने मांडले. कॅटलोनियाचे जोर्डी सावाल यांनी व्हायोला द गांबा या वाद्याला पुन्हा श्रोते मिळवून दिले आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या अरब, ज्यू व ख्रिस्ती परंपरा एका मैफिलीत आणल्या. अमेरिकेत जोशुआ रिफकिन यांनी बाखच्या समूहगानांत एका भागाला एकच गायक पुरतो असे मांडून मोठा वाद ओढवून घेतला. यॉर्क (1977), बॉस्टन (1981) आणि उट्रेख्ट (1982) येथे सुरू झालेले महोत्सव या क्षेत्राचे मुख्य मेळावे आहेत.

या चळवळीवर सर्वांत धारदार टीका केली ती अमेरिकन अभ्यासक रिचर्ड तारुस्किन यांनी. ‘अस्सल’ म्हणून जे वाजवले जाते त्यातली वेगवान, कोरडी, नेमकी शैली विसाव्या शतकाच्या आवडीतून आलेली आहे, असा त्यांचा मुद्दा होता. वादकांनी त्यानंतर अस्सलपणाचा दावा बराचसा सोडला आणि इतिहासाच्या जाणिवेने वाजवणे एवढेच उद्दिष्ट ठेवले. स्वराच्या पट्टीचे उदाहरण बोलके आहे. आज बरोक मैफिलीत ‘ए’ स्वर बहुधा 415 हर्ट्झला लावतात, आधुनिक 440 पेक्षा अर्धा स्वर खाली. प्रत्यक्षात त्या काळी प्रत्येक गावाची पट्टी वेगळी होती. 415 ही सोयीची तडजोड आहे. अर्ध्या स्वराचा फरक असला की हार्प्सिकॉर्डचा कळफलक एक घर सरकवून दोन्ही पट्ट्यांत वाजवता येते.

चौकट आणि मोकळीक यांचे नाते अर्ली म्युझिकमध्ये फार स्पष्ट दिसते. बरोक रचनेत हार्प्सिकॉर्ड किंवा ल्यूट वाजवणाऱ्यासमोर फक्त खर्जाची ओळ आणि काही आकडे असतात; वरचे सूर तो तिथल्या तिथे रचतो. यालाच कंटिन्युओ म्हणतात. संथ भागातल्या लांब सुरांना अलंकारांनी भरणे हे वादकाचे कामच मानले जाई. हँडेल आपल्या ऑर्गन कंचेर्तोंत काही जागा मोकळ्याच सोडी आणि मैफिलीत स्वतः भरून काढी. पासामेझो, फोलिया आणि शाकॉन ही तर खर्जाची आणि कॉर्डची फिरती आवर्तनेच होती. दिएगो ओर्तिझने 1553 मध्ये रोमला छापलेल्या ग्रंथात अशा आवर्तनांवर उत्स्फूर्त वादन कसे करावे हे उदाहरणांसह दाखवले. कोरेल्लीच्या 1700 च्या व्हायोलिन सोनाटांपैकी शेवटची संपूर्णपणे फोलियावर उभी आहे. ओर्तिझचा गांबावादक आणि शिकागोचा गिटारवादक यांची एकमेकांशी कधीच ओळख झाली नाही, तरी दोघांची कामाची रीत एकच होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत गिटारच्या कॉर्ड अक्षरांनी दाखवणारी छापील पुस्तके निघाली. आज रॉक वादकांच्या हातातले कॉर्डचे कागद त्याच सोयीतून आले असावेत इतके तसे दिसतात.

जागा हाही या तिन्ही संगीतांचा घटक आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये गायकवादकांचे गट वेगवेगळ्या सज्ज्यांत उभे करून जोव्हान्नी गाब्रिएली यांनी रचना केल्या. त्यांचा परिणाम दगडी घुमटाच्या घुमाऱ्यावर अवलंबून आहे. डेल्टाचा ब्लूज लाकडी खोपटातल्या नाचासाठी होता. रॉकने स्टेडियम गाठले तेव्हा त्याचे ताल सावकाश आणि ठळक झाले, कारण मोठ्या जागेत बारीक तपशील घुमून विरतात.

महाराष्ट्र आणि गोव्याचा या संगीताशी संबंध जुना आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत स्वरलिपी, समूहगान आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथे तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या जाझ वाद्यवृंदांना आणि हिंदी चित्रपटसंगीताला आधार दिला. जुन्या गोव्यातील मोन्त टेकडीच्या चॅपेलमध्ये होणाऱ्या मैफिली जुन्या वास्तूत संगीत कसे वाटते याचा अनुभव देतात. 1972 मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी मुंबईतल्या वादकांना घेऊन आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली होती. 1986 मध्ये धोबी तलावाजवळच्या रंगभवनात ‘इंडिपेन्डन्स रॉक’ सुरू झाला आणि रॉक मशीनसारख्या, पुढे इंडस क्रीड झालेल्या वाद्यवृंदाला स्वतःची गाणी ऐकवायला श्रोता मिळाला. हा परिसर शांतता क्षेत्रात येत असल्याने त्या खुल्या रंगमंचावरचे संगीत पुढे थांबले. 2010 मध्ये पुण्यात ‘एनएच7 वीकेंडर’ आणि 2011 मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ‘महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल’ सुरू झाला. ब्लूज महोत्सवाच्या पहिल्याच वर्षी शिकागोचे बडी गाय आणि शिलाँगचा सोलमेट हा वाद्यवृंद एकाच व्यासपीठावर आले.

आज हा विषय मराठीत मांडण्याची गरज दोन कारणांनी वाढली आहे. जगातले बहुतेक ध्वनिमुद्रित संगीत आता फोनवर नाममात्र पैशांत मिळते, त्यामुळे कलाकाराच्या कमाईचा भार मैफिलीवर आला आहे. तिकिटे महागली, मोठे दौरे आणखी मोठे झाले. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्लेने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये तीन मैफिली केल्या. छोट्या जागा मात्र भाडे, परवाने आणि आवाजाचे नियम यांच्या कात्रीत आहेत. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर खुल्या जागेत ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. वर्षातले मोजके दिवस सोडता त्याला सवलत नाही. नवे कलाकार घडतात ते याच छोट्या जागांत. दुसरे कारण श्रोत्याच्या बाजूचे आहे. अशा मैफिलींच्या जाहिराती आता मराठी वाचकापर्यंत रोज पोचतात, पण त्या वाचायच्या कशा हे मराठीत फारसे कोणी सांगत नाही.

प्रस्तुत ग्रंथाचा उपयोग इथे आहे. येऊ घातलेल्या मैफिलीच्या चार ओळींच्या जाहिरातीतही बरेच काही सांगितलेले असते. ‘अकूस्टिक’ असे लिहिलेले असेल तर गिटार विजेविना वाजणार आणि जागा छोटी असण्याची शक्यता अधिक. एखादा अल्बम ‘पूर्ण’ सादर होणार असेल तर क्रम ठरलेला आहे, उत्स्फूर्ततेला वाव थोडा. ‘ट्रिब्यूट’ म्हटले की दुसऱ्याची गाणी, बहुधा मूळ ध्वनिमुद्रिकेच्या जवळ जाणारी. अर्ली म्युझिकच्या कार्यक्रमात ‘पीरियड इन्स्ट्रुमेंट्स’ म्हणजे आतड्याच्या तारा, जुन्या घडणीचे गज आणि मृदू आवाज. दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहात मागे बसलेल्याला तो तोकडा वाटेल, चर्चमध्ये भरून राहील. मुख्य कलाकाराआधी वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचे नाव वगळू नये, कारण पुढच्या दशकातले संगीत अनेकदा तिथे पहिल्यांदा ऐकू येते.

ग्रंथाने कलाकारांची चरित्रे किंवा श्रेष्ठ अल्बमच्या याद्या देण्याचे टाळले आहे. जाझ, सोल, लोकसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत यांचा उल्लेख संदर्भापुरता येतो. प्रत्येक प्रकारात चौकट कोणती, ती कशी ओळखावी आणि वादक तिच्याशी काय करतो हे दाखवणे हा त्याचा मुख्य हेतू आहे. त्यासाठी जिथे मदत होते तिथे षड्ज, गंधार, आवर्तन अशा परिचित संज्ञा वापरल्या आहेत. जिथे त्यांनी दिशाभूल होईल तिथे कॉर्ड, रिफ (पुन्हापुन्हा येणारी छोटी सुरावट), कंटिन्युओ असे मूळ शब्दच ठेवले आहेत. ब्लूजवर अधिकार कोणाचा, रॉकच्या मैफिलीत आधी मुद्रित केलेले सूर किती चालावेत, जुन्या संगीतात अस्सलपणा शक्य आहे का, या प्रश्नांवर अभ्यासकांत आणि वादकांत आजही मतभेद आहेत. ग्रंथ त्यांचा निवाडा करत नाही. दोन्ही बाजू आणि त्यांच्यामागचे पुरावे वाचकासमोर ठेवतो. नवख्या श्रोत्याला पुढच्या मैफिलीत बसल्यावर आवर्तन कुठे फिरले, कोणती जागा वादकाने त्या रात्री नव्याने भरली आणि कोणती आधीपासून ठरलेली होती हे ओळखता आले, तर ग्रंथाचे काम झाले असे मानता येईल.